आकाशांतील तार आणि तिच्या गांठी

आपल्या घरांतून ‘तारेवरची कसरत’ हे शब्द दिवसांतून एकदां तरी कानांवर पडतात. महिनाअखेरीस खर्चाची तोंडमिळवणी करणारी गृहिणी ते बोलते. सासर आणि माहेर अशा दोन्हीकडची मर्जी सांभाळणारी सूनबाई तेच म्हणते. वरिष्ठांचा हुकूम आणि हाताखालच्यांचीं गाऱ्हाणीं यांच्यामध्यें सांपडलेला कारकूनही तीच उपमा वापरतो. वापरून वापरून ती इतकी गुळगुळीत झाली आहे कीं, खरोखरीच एखादा मनुष्य तारेवर उभा राहतो तेव्हां त्याच्या पायांखालीं काय असतें, आणि त्याचा जीव नेमका कशावर अवलंबून असतो, हा विचार आपल्या मनांत येत नाहीं. तो विचार करावयास लावणारी एक हकीकत आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. ती घडली त्याला पन्नासांहून अधिक वर्षें लोटलीं. ज्या दोन इमारतींच्या मध्यें ती घडली त्या आज पृथ्वीवर उभ्या नाहींत. तरी ती जुनी झाली आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

दि. ७ ऑगस्ट १९७४. अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहराच्या दक्षिण भागांत सकाळीं सातच्या सुमारास कामावर निघालेले लोक रस्त्यांतच एकाएकीं थांबले आणि माना वर करून पाहूं लागले. तेथें ‘वर्ल्ड ट्रेड सेंटर’ या व्यापारी संकुलाचे दोन जुळे मनोरे उभे होते. प्रत्येकाचे मजले ११०. एकाची उंची १,३६८ फूट, दुसऱ्याची १,३६२ फूट. मुंबईच्या राजाबाई मनोऱ्याची उंची २८० फूट आहे. तसे जवळजवळ पांच मनोरे एकावर एक रचले असतां जेथवर जातील, तेथवर या इमारतींचे माथे पोंचत होते. त्या दोन माथ्यांच्या मध्यें केसासारखी एक रेघ ओढलेली दिसत होती आणि त्या रेघेवर एक काळा ठिपका हळूहळू सरकत होता. तो ठिपका म्हणजे फिलिप पेती नांवाचा एक फ्रेंच तरुण होता. त्याला पंचविसावें वर्ष पुरें होण्यास सहा दिवस अवकाश होता. खालीं जाळें नव्हतें. कमरेला दोर नव्हता. आणि हें करण्याची परवानगी त्याला कोणीही दिलेली नव्हती.

त्या आकाशपथावर तो पाऊण तास होता. या पाऊण तासाचीं वर्णनें जगभर पुष्कळ झालीं आहेत. आम्हांस त्याहून अधिक महत्त्वाचीं वाटतात तीं त्याच्या मागचीं सहा वर्षें आणि एक रात्र. पाहणाऱ्याला पाउलें दिसतात. तारेच्या दोन टोंकांच्या गांठी दिसत नाहींत. धाडस म्हणजे काय हें ज्याला समजून घ्यावयाचें असेल त्यानें त्या गांठींकडे पाहावें, असें आमचें मत आहे.

वर्गांत न मावलेला मुलगा

पेतीचा जन्म १९४९ सालीं फ्रान्समधील नेमूर या गांवीं झाला. वडील सैन्यांतील वैमानिक. सहाव्या वर्षीं मुलाला हातचलाखीचा नाद लागला. पुढें चेंडू झेलण्याचा. मग उंच जागीं चढण्याचा. शाळेंत मात्र त्याचें चित्त रमलें नाहीं, आणि अठरावें वर्ष लागेपर्यंत पांच शाळांनीं त्याला घरचा रस्ता दाखविला होता. आपल्याकडील एखाद्या मोठ्या कुटुंबांत असा मुलगा निपजला असता, तर आजोबांनीं कपाळाला हात लावला असता, आत्याबाईंनीं पत्रिका दाखवून आणली असती, आणि कोणा काकांनीं ओळखीच्या कचेरींत चिकटवून देण्याची खटपट केली असती. पेती पॅरिसच्या रस्त्यावर उतरला. फरसबंदीवर खडूनें एक वर्तुळ काढावें, त्यांत उभें राहून खेळ करावे, आणि टोपी फिरवून जें मिळेल त्यावर गुजराण करावी, असा त्याचा क्रम सुरू झाला.

सोळाव्या वर्षीं तो प्रथम तारेवर चढला. वर्षभरांत त्यानें तारेवरच्या कोलांट्या, सायकल, खुर्ची वगैरे नेहमींचे खेळ हस्तगत केले, आणि मग ते बहुतेक सोडून दिले. नुसतें चालणें हेंच सर्वांत सुंदर, असें त्याच्या मनानें घेतलें. या विद्येंत त्याला रुडॉल्फ ओमान्कोव्स्की या वृद्ध चेक कसरतपटूचें मार्गदर्शन लाभलें. ‘पापा रुडी’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या त्या अनुभवी गृहस्थापासून तो तार कशी बांधावी, तिला ताण किती द्यावा, तिचीं टोंकें कशाला अडकवावीं, हें शिकला. पुढें त्याला तारून नेणार होती ती हीच विद्या.

१९६८ सालीं दाढ दुखूं लागल्यामुळें पेती एका दंतवैद्याकडे गेला असतां, बाहेर बसल्या बसल्या त्यानें एक नियतकालिक चाळावयास घेतलें. त्यांत न्यूयॉर्कमध्यें व्हावयाच्या दोन जुळ्या मनोऱ्यांचें चित्र होतें. मनोरे तेव्हां प्रत्यक्ष उभे राहिलेले नव्हते. त्यानें त्या दोन माथ्यांच्या मध्यें पेन्सिलीनें एक रेघ ओढली. मग मोठ्यानें शिंकण्याचें सोंग करून त्या आवाजांत तें पान फाडलें, खिशांत घातलें, आणि दाढेचें दुखणें तसेंच घेऊन तो बाहेर पडला. इमारत बांधून होण्याची वाट पाहत बसलेला असा भाडेकरू जगांत दुसरा झाला नसेल!

मधल्या काळांत त्यानें हात रिकामे ठेवले नाहींत. जून १९७१ मध्यें पॅरिसच्या ‘नोत्र दाम’ या प्राचीन देवालयाच्या दोन मनोऱ्यांमध्यें, आणि १९७३ मध्यें ऑस्ट्रेलियांतील सिडनी बंदराच्या पुलावर, त्यानें अशीच विनापरवाना तार बांधली व तीवरून तो चालला. दोन्ही वेळां खालीं उतरतांच पोलिसांनीं त्याला धरलें.

तारेवर मनुष्य पडत कां नाहीं

येथें थोडें शास्त्र सांगणें अवश्य आहे. मनुष्य जमिनीवर उभा असतो तेव्हां त्याच्या दोन पावलांनीं व्यापलेली जागा हा त्याचा पाया होय. शरीराच्या गुरुत्वमध्यांतून गवंड्याचा ओळंबा खालीं सोडला आणि तो या पायाच्या आंत पडला, तर मनुष्य उभा राहतो. बाहेर पडला, तर कलंडतो. तारेवर हा पाया अंगठ्याच्या रुंदीएवढाच उरतो. तेवढ्यावर ओळंबा अचूक धरून ठेवणें कोणाही मनुष्यास शक्य नाहीं. तारेवर चालणारालाही नाहीं. तो सारखा किंचित् डावीकडे, किंचित् उजवीकडे कलत असतो आणि प्रत्येक कल वाढण्यापूर्वीं तो सांवरीत असतो. त्याचें सर्व कौशल्य या सांवरण्यांत आहे.

सांवरण्यास वेळ मिळावा म्हणून हातांत ती लांब काठी असते. घरांतील मुलांनीं एक प्रयोग करून पाहावा. लहान पेन्सिल तळहातावर उभी करण्याचा यत्न करावा, आणि नंतर चार-पांच फुटांची काठी तशीच उभी धरावी. पेन्सिल डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच पडते. काठी मात्र सावकाश कलते आणि हाताला तिच्या मागें जाण्यास अवधि देते. वजन जितकें दूर पसरलेलें, तितकी वस्तु फिरण्यास जड. पेतीची काठी सुमारें २५ किलो वजनाची आणि आठ-नऊ मीटर लांबीची होती. तिनें त्याचें कलणें मंद केलें. शिवाय तिचीं टोंकें खालीं वांकत असल्यामुळें एकंदर गुरुत्वमध्यही थोडा खालीं उतरला.

परंतु एवढ्यानें भागत नाहीं. तार ही कांहीं भिंतीवरची कड नव्हे. तिला वर-खालीं हेलकावे असतात, आडवा झोंका असतो, आणि पोलादी सरांचा पीळ घालून ती केलेली असल्यामुळें भार पडतांच ती स्वतःभोंवतीं किंचित् फिरूंही पाहते. अशा उंचीवर वारा कधीं पुरता थांबत नाहीं. आणि उंच इमारती वाऱ्यानें थोड्या थोड्या हलतात, दोन इमारती तर एकाच तालावर हलतीलच असेंही नाहीं. म्हणून तंबूला देतात तसे तारेलाही बाजूंनीं तणावे द्यावे लागतात. हे तणावे योग्य जागीं, योग्य ताणानें बसले तरच तार चालण्याजोगी होते. तीं दोन टोंकें आणि हे तणावे यांत चूक राहिली, तर जगांतील कोणतेंही कौशल्य ती चूक पायांनीं दुरुस्त करूं शकत नाहीं.

सहा महिने आणि अनेक वेषांतरें

१९७३ च्या एप्रिलमध्यें मनोऱ्यांचें रीतसर उद्घाटन झालें, तरी दक्षिण मनोऱ्याच्या वरच्या मजल्यांवर काम चालूंच होतें. १९७४ च्या आरंभीं पेती न्यूयॉर्कला आला आणि मनोऱ्यांत चोरून हिंडूं लागला. कधीं मजूर, कधीं वार्ताहर, कधीं परदेशी पाहुणा. कोणती लिफ्ट कोठवर जाते, पहारेकरी केव्हां बदलतात, छपरावर कोणती तुळई भक्कम आहे, याचीं टिपणें त्यानें केलीं. भाड्याच्या हेलिकॉप्टरमधून छायाचित्रें घेतलीं. छपरांची लहान प्रतिकृति तयार केली. एकदां पायांत खिळा शिरल्यामुळें कुबड्या घेऊन जाण्याची पाळी आली, तेव्हां त्याला आढळून आलें कीं, कुबड्यावाल्याला कोणी हटकीत नाहीं, उलट दरवाजे उघडून देतात. अपघातांतूनही जो उपयुक्त माहिती काढून घेतो त्याला अविचारी म्हणणें कठीण आहे.

फ्रान्समधील एका शेतांत त्यानें तेवढ्याच लांबीची तार जमिनीपासून थोड्या उंचीवर बांधली, आणि मित्रांना सांगितलें कीं, मी चालत असतां ती वाटेल तशी हालवा, तीवर उड्या मारा, मला पाडा. वारा आणि मनोऱ्यांचें हलणें यांची ती तालीम होती. या मित्रांचीं नांवें येथें मुद्दाम सांगितलीं पाहिजेत. झाँ-लुई ब्लाँदो हा त्याचा जुना स्नेही. प्रत्येक बेतांतील धोका दाखवून देणारा, आणि म्हणूनच सर्वांत उपयोगी. झाँ-फ्रान्स्वा हेकेल हा नंतर येऊन मिळालेला. त्याला इंग्रजी फारसें येत नव्हतें, पण छातीचा पक्का. अ‍ॅनी आलिक्स ही त्याची सहचरी. आणि बॅरी ग्रीनहाऊस हा अमेरिकन गृहस्थ, ज्याची कचेरी दक्षिण मनोऱ्याच्या ८२ व्या मजल्यावर होती. त्याच्या साह्यानें आंत शिरण्याचे परवाने मिळाले. यांपैकीं कोणासही त्या तारेवर चालावयाचें नव्हतें. कोणासही त्यांतून कीर्ति मिळण्याचा संभव नव्हता. पकडले गेल्यास तुरुंगाचें भय मात्र सर्वांस होतें. आणि मित्र पडलाच तर जन्मभर मनाला लागून राहणारा दोष त्याहून मोठा होता.

ती रात्र

६ ऑगस्टच्या दुपारीं दोन टोळ्या दोन मनोऱ्यांत शिरल्या. दक्षिणेकडे पेती व झाँ-फ्रान्स्वा, सामान पोंचविणाऱ्यांच्या वेषांत. त्यांच्या पेट्यांत सुमारें २०० किलो वजनाची पोलादी तार. उत्तरेकडे झाँ-लुई व एक जोडीदार, कचेरींतील माणसांच्या वेषांत. त्यांच्या सामानांत एक धनुष्य आणि बाण! मालवाहू लिफ्टनें पेटी १०४ व्या मजल्यावर पोंचली. तेवढ्यांत एक पहारेकरी येत असल्याची चाहूल लागली. तेव्हां पेती व झाँ-फ्रान्स्वा एका ताडपत्रीखालीं शिरले, आणि खालीं खोल पोकळी असलेल्या तुळईवर कित्येक तास श्वास रोखून बसून राहिले.

अंधार पडल्यावर दोघे छपरावर गेले. मध्यरात्रीच्या सुमारास झाँ-लुईनें उत्तर मनोऱ्यावरून बाण सोडला. त्याच्या शेपटाला मासे धरण्याच्या गळाचा धागा बांधलेला होता. धागा इतका बारीक कीं, अंधारांत तो डोळ्यांना दिसेना. पेतीनें अंगावरचे कपडे उतरविले आणि उघड्या अंगाला कोठें तरी त्या धाग्याचा स्पर्श होतो कीं काय हें तो छपरावर हिंडून पाहूं लागला. अखेर बाण सांपडला तो अगदीं कांठावर अडकलेला. मग धाग्याला दोरी, दोरीला जाड दोर आणि दोराला तार, असा क्रम सुरू झाला.

येथें सर्व बेत फसण्याची वेळ आली. तार ओढतां ओढतां तिचा मधला भाग स्वतःच्याच वजनानें दोन मनोऱ्यांच्या मधल्या दरींत घसरत गेला, आणि दोन्हीकडच्यांच्या हातांत उरली ती केवळ लोंबणारी मणामणाची पोलादी सांखळी. ती हात हात करून वर ओढण्यांत रात्रीचे बहुमोल तास गेले. उत्तरेकडील जोडीदारानें हात टेंकल्यावर तिकडचा भार झाँ-लुईवर पडला. त्याच्या हातांनीं तो सोडला असता, तर सकाळीं रस्त्यांवरच्या लोकांना आकाशांत कांहींच दिसलें नसतें. उजाडलें तेव्हां तार ताणून झाली होती. तणावे मात्र मनासारखे बसले नव्हते.

पाऊण तास

सातनंतर थोड्याच वेळानें पेतीनें दक्षिण मनोऱ्याच्या कांठावरून एक पाऊल तारेवर ठेवलें. दुसरें अजून इमारतीवर होतें. शरीराचा भार त्याच पायावर होता. तो भार पहिल्या पायावर घेणें एवढाच काय तो निश्चय उरला होता. तो त्यानें केला. मनोऱ्यांमधील अंतर सुमारें ४० मीटर. खालीं सुमारें ४०० मीटर पोकळी.

पहिल्या फेरींत त्याचें सर्व लक्ष तारेकडे होतें. ती धरली आहे, तणावे सोसत आहेत, अशी पायांची खात्री पटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर हंसूं आलें, असें समोरून पाहणाऱ्या मित्रांनीं सांगितलें आहे. मग तो आठ वेळां इकडून तिकडे गेला. मध्येंच गुडघा टेंकून त्यानें खालच्या लोकांना नमस्कार केला. मध्येंच तारेवर उताणा निजला आणि आकाशाकडे पाहत राहिला. दोन्ही छपरांवर पोलीस येऊन उभे होते. तो त्यांच्या हाताच्या अंतरापर्यंत येई आणि हंसून परत फिरे. चार्ल्स डॅनियल्स नांवाच्या पोलीस अधिकाऱ्यानें मागाहून वार्ताहरांस सांगितलें कीं, त्याला चालणारा म्हणतां येत नाहीं, नाचणाराच म्हणावें लागेल. आणि असें दृश्य आयुष्यांत पुन्हां पाहावयास मिळणार नाहीं. पकडावयास गेलेल्या माणसानें हें बोलावें, यांत त्या सकाळचें सर्व वर्णन आलें.

पावसाचे थेंब पडूं लागले तेव्हां पेती आपण होऊन इमारतीवर आला आणि त्याच्या हातांत बेड्या पडल्या. फिर्यादीच्या कागदावर गुन्ह्याचें वर्णन ‘तारेवर मनुष्य’ अशा अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांत केलेलें होतें. वार्ताहर पुनःपुन्हां एकच प्रश्न विचारीत होते, ‘हें कां केलेंत?’ त्याचें उत्तर, ‘कां असें कांहीं नाहींच,’ अशा आशयाचें होतें. तो आठवडा अमेरिकेच्या इतिहासांत वेगळ्याच कारणानें गाजला. दुसऱ्याच दिवशीं राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनीं आपण पद सोडीत असल्याचें जाहीर केलें. फसवणूक आणि लपवाछपवी यांच्या बातम्यांनीं विटलेल्या लोकांना ही एक लबाडी मात्र गोड वाटली. सरकारी वकिलांनीं खटला काढून घेतला. अट एवढीच कीं, शहरांतील ‘सेंट्रल पार्क’ या उद्यानांत मुलांसाठीं एक खेळ फुकट करावा. तो त्यानें केला.

हिशेब

आतां आमच्या कित्येक वडीलधाऱ्या वाचकांच्या मनांत जे प्रश्न आले असतील, त्यांना बगल देणें योग्य होणार नाहीं. परवानगीवांचून दुसऱ्याच्या वास्तूंत शिरणें हा गुन्हा आहे. स्वतःचा जीव स्वतःच्या मालकीचा म्हणावा, तरी खालीं रस्त्यावर शेंकडों माणसें उभीं होतीं. ती २५ किलोंची काठी हातून सुटती तर? हा आक्षेप आम्हांस हलका वाटत नाहीं, आणि ‘सर्व कांहीं नीट पार पडलें’ हें त्याचें उत्तरही नव्हे. शेवट गोड झाला म्हणून आरंभ निर्दोष ठरत नाहीं.

उपयोग काय, हा दुसरा प्रश्न. पैशाचा उपयोग शून्य. पण एक फळ मात्र नमूद करण्याजोगें आहे. मिनोरू यामासाकी या वास्तुशिल्पज्ञानें योजिलेले हे मनोरे न्यूयॉर्ककरांना प्रथम फारसे रुचले नव्हते. त्यांची संभावना रुक्ष चौकोनी पेट्या अशी होत असे. त्या सकाळनंतर लोक त्यांच्याकडे आपलेपणानें पाहूं लागले, असें त्या शहराचे जाणकार सांगतात. मनोऱ्यांच्या मालकांनींही पेतीला प्रेक्षक-सज्जाचा कायमचा परवाना दिला, आणि जेथून त्यानें पाऊल टाकलें तेथील पोलादी तुळईवर त्याची सही घेतली.

तिसरा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हें धाडस कीं दैव बलवत्तर? याचें उत्तर देण्यासाठीं दुसऱ्या एका तारेकडे पाहावें लागतें. कार्ल वॉलेंडा हें नांव या विद्येंत परम आदरानें घेतलें जाई. उंच तारेवर त्याचें सर्व आयुष्य गेलें होतें. २२ मार्च १९७८ रोजीं, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षीं, पोर्तो रिको बेटावरील सान हुआन शहरांत एका हॉटेलच्या दोन इमारतींच्या मध्यें तो तारेवर चालावयास निघाला. उंची १२१ फूट. पेतीच्या उंचीचा अकरावा भागही नव्हे. वारा जोराचा होता. मध्यावर आल्यावर तार हेलकावूं लागली. तो खालीं बसला, त्यानें तार धरण्याचा यत्न केला, आणि तो पडून मरण पावला. त्याच्या कुटुंबीयांनीं कारण सांगितलें तें असें कीं, वारा होता हें खरें, पण तारेचे कित्येक तणावे चुकीचे जोडलेले होते. पायांचा अनुभव पन्नास वर्षांचा होता. चुकल्या त्या गांठी.

या दोन घटना शेजारीं ठेवल्या म्हणजे पेतीच्या धाडसाचें खरें माप मिळतें. तो पहिलें पाऊल टाकीत असतां ज्या गोष्टीवर विसंबला ती त्याची छाती नव्हती. समोरच्या छपरावर, त्याच्या दृष्टीआड, अंधारांत, दमलेल्या हातांनीं दुसऱ्या कोणी तरी बांधलेल्या टोंकावर तो विसंबला होता. स्वतःच्या पायांवर विश्वास ठेवणें पुष्कळांस जमतें. दुसऱ्याच्या गांठीवर जीव टाकणें, आणि तो टाकतां यावा अशीं माणसें सहा वर्षें जोडून ठेवणें, हें फार थोड्यांस जमतें.

आणि म्हणूनच या हकीकतीचा एक भाग मनाला चटका लावतो. त्या सकाळीनंतर पेती जगप्रसिद्ध झाला. परंतु तें मित्रमंडळ पूर्वीसारखें राहिलें नाहीं. फिर्यादींतील त्या तीन शब्दांवरून ज्याचें नांव घेतलें तो ‘मॅन ऑन वायर’ हा बोलपट २००८ सालीं निघाला व त्याला पुढील वर्षीं ऑस्कर पारितोषिक मिळालें. त्यांत झाँ-लुई व अ‍ॅनी या दोघांनीं त्या ताटातुटीविषयीं सांगितलें आहे. चौतीस वर्षांनंतर, प्रौढ वयांत, तें सांगतां सांगतां झाँ-लुईला रडूं कोसळतें. कीर्तीच्या तारेला तणावे नसतात, असेंच म्हणावयाचें!

आपल्या अंगणांतील दोर

हें वाचतांना आमच्या पुष्कळ वाचकांस डोंबाऱ्याच्या खेळाची आठवण झाली असेल. दोन बाजूंस बांबूंच्या कैच्या, मध्यें ताणलेला दोर, खालीं ढोल, आणि वर आडवी काठी धरून चालणारी आठ-दहा वर्षांची पोर. शास्त्र तेंच, ओळंबा तोच, काठीचें काम तेंच. आपल्या वाड्यांच्या सज्जांतून आपण तें पाहिलें, पैसा फेंकला आणि खिडकी लावून घेतली. त्या पोरीचें नांव कोणीही विचारलें नाहीं.

दोघांत एक भेद आहे, आणि तो उंचीचा नव्हे. पेतीनें तार निवडली. पांच शाळांचीं दारें त्याला एकेकाळीं उघडीं होतीं, तीं त्यानें सोडलीं. भटक्या जमातींत गणल्या जाणाऱ्या त्या डोंबाऱ्याच्या पोरीला शाळेचें दार दिसण्यापूर्वींच दोर दिसला. पहिल्याचें कौतुक करतांना दुसरीला विसरणें, हा न्याय नव्हे. तिच्या कौशल्याला टाळी अवश्य द्यावी. पण तें कौशल्य तिनें पोटासाठीं दाखवावें लागूं नये, अशी व्यवस्था करणें हें टाळीहून मोठें काम आहे. मात्र एक गोष्ट त्या फाटक्या संसारांतही पक्की असते. मुलगी वर चढण्यापूर्वीं तिचा बाप प्रत्येक मेख पायानें दाबून आणि प्रत्येक गांठ हातानें ओढून पाहतो. पापा रुडीनें पेतीला जें शिकविलें, तें या माणसाला कोणत्याही गुरूवांचून ठाऊक असतें.

दि. ११ सप्टेंबर २००१ रोजीं अपहृत विमानें आदळवून ते दोन्ही मनोरे पाडण्यांत आले. त्या दिवशींच्या हल्ल्यांत सुमारें ३,००० निरपराध जीव गेले. ज्या तुळईवर पेतीची सही होती ती गेली. जेथें तार बांधली होती ते कांठ गेले. इमारतींच्या मधली ती पोकळी, जींत एक मनुष्य पाऊण तास राहून आला, तीही आतां कोठें आहे हें बोट दाखवून सांगतां येणार नाहीं.

उरलीं आहेत तीं कांहीं छायाचित्रें. त्यांतील एखादें आमच्या वाचकांनीं घरांतील मुलांना अवश्य दाखवावें. काळ्या कपड्यांतला तो सडपातळ तरुण, हातांत आडवी काठी, पायांखालीं रेघ, आणि रेघेखालीं शहर. मुलें पायांकडे पाहतील. तें साहजिक आहे. मग त्यांना विचारावें कीं, हें चित्र कोणीं काढलें असेल? छपरावरून त्या तारेवरचीं प्रसिद्ध चित्रें घेणारा मनुष्य झाँ-लुई ब्लाँदो हा होता. रात्रभर तार ओढून त्याचे हात गळून गेले होते. त्याच हातांनीं त्यानें कॅमेरा धरला. त्या चित्रांत तो कोठेंही नाहीं, आणि त्याच्यावांचून तें चित्रही नाहीं.